पंधरवडी गवंडी

पंधरवडी गवंडी ओळखायची पहिली खूण म्हणजे त्याचे हातमोजे. पिवळ्या कातड्याचे, कोरे करकरीत, मनगटाशी किमतीच्या चिठ्ठीचा दोरा अजून लोंबत असलेला. दुसरी खूण टी-शर्ट. चौदा माणसं असतील तर चौदाही अंगांवर एकच रंग, पाठीवर बायबलातलं वचन आणि वचनाखाली वर्ष. वरातीतले बँडवाले जसे दुरून कळतात तशी ही मंडळी दाभोळीच्या विमानतळावर दुरून कळतात. तिसरी खूण मात्र कधीच चुकत नाही. अनमोडचा घाट चढून, रामनगर ओलांडून, हाडं खिळखिळी झालेल्या अवस्थेत गाडीतून उतरल्यावर तो पाणी मागत नाही, खोली विचारत नाही, संडास कुठं आहे तेही विचारत नाही. तो विचारतो, "काम कुठं आहे?"

या प्रश्नानं आमच्या मेस्त्रींच्या पोटात गोळा येतो.

जोयडा तालुक्यातल्या एका मिशनच्या वसतिगृहावर मी तीन हिवाळे दुभाष्याचं काम केलं. जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. जुनं सुपा गाव काळी नदीच्या धरणात गेलं. गावाचं नाव तेवढं धरणाला उरलं. जिल्हा उत्तर कन्नड, सरकारी पाट्या कानडी, बाजारातली बोली कोकणी-मराठी, आणि बाजार संपला की पुढं सगळी वाघांची हद्द. अशा ठिकाणी अमेरिकेतल्या कुठल्याशा गावचा दंतवैद्य पदरचे पैसे घालून, साठवलेली रजा टाकून, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून भिंत बांधायला येतो. त्याच्याबरोबर विम्याचा एजंट असतो, निवृत्त हेडमास्तर असतो, मक्याचा शेतकरी असतो, कॉलेजात जाणाऱ्या दोघी-तिघी मुली असतात. घरी नळ गळायला लागला तर यातला एकही जण स्वतः पान्हा हातात घेत नाही. पण चर्चमध्ये कागद फिरतो, त्यावर सही होते आणि त्या क्षणापासून तो गवंडी होतो. पंधरा दिवसांपुरता. विमानाचं परतीचं तिकीट हीच त्याच्या गवंडीपणाची मुदत.

येण्याचा हंगाम ठरलेला: डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तो येत नाही, आणि कॅसलरॉकचा पाऊस एकदा अंगावर घेतलेला माणूस त्याला त्याबद्दल दोष देणार नाही.

आता मेस्त्री. मेस्त्री रामनगरचे. धरणामुळं उठलेल्या पुष्कळ घरांना रामनगरात जागा मिळाली, त्यांतलंच एक त्यांचं. अंगानं काटकुळे, डोक्याला टॉवेल, खिशात चुन्याची डबी. पाहुणे त्यांना 'मिस्टर मिस्त्री' म्हणतात. मेस्त्री हे आडनाव नसून हुद्दा आहे, हे मी पहिल्या वर्षी दोनदा समजावलं. मग मेस्त्रीच म्हणाले, "असूंदे की सर. दोनदा मेस्त्री म्हणतेत, पगार तर एकदाच हाय."

मेस्त्रींचं खरं काम भिंत बांधणं हे नव्हे. वर्षाचे साडेअकरा महिने ते भिंती बांधतात, पत्रे चढवतात, कौलं शेकारतात. या पंधरवड्यात मात्र चौदा माणसांना रोज सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत पुरेल आणि कुणाचं बोट तुटणार नाही असं काम शोधणं, हे त्यांचं काम. घरात पोळ्या चालल्या असताना लहान पोर हट्ट धरतं, मलाही लाटायचंय. शहाणी बाई त्याला नको म्हणत नाही. सुपारीएवढा कणकेचा गोळा तोडून देते. पोर तो लाटतं, चुरगळतं, पुन्हा लाटतं. काळपट पडलेली ती नकाशासारखी पोळी शेवटी तव्यावर पडते आणि आजोबा ती कौतुकानं खातात. मेस्त्री रोज सकाळी असे चौदा गोळे तोडतात.

पहिला गोळा खड्ड्याचा. हा पाहुण्यांच्या फार आवडीचा. पहार, फावडं, घाम, फोटो. दोन तासांत हातमोज्यांच्या आत फोड येतात आणि ते फोड जेवणाच्या वेळी एकमेकांना दाखवले जातात. दुसरा गोळा साखळीचा. कडेला पडलेला वाळूचा ढीग वीस हातांवर हलवायचा म्हणून पाहुणे रांगेत उभे राहतात आणि घमेलं हातोहात पुढं जातं. तिथं रोजंदारीवर येणाऱ्या बायकांनी हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा डोक्यावरची घमेली तशीच ठेवून त्या उभ्या राहिल्या. त्यातली एक मला म्हणाली, "भाऊ, हे एवढी माणसं मिळून एकच घमेलं का ओ उचलतेत?" मी तिला संघभावना वगैरे सांगायला गेलो. तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि दोन घमेली घेऊन गेली.

तिसरा गोळा चिऱ्यांचा, आणि इथं खरी गंमत सुरू होते. या बाजूला बांधकाम जांभ्या चिऱ्याचं. चांगला चिरा पंचवीस-तीस किलोला हार जात नाही. पाहुण्याच्या डोक्यात वीट असते. घरून निघताना त्यानं विटेचेच व्हिडिओ पाहिलेले असतात. पहिला चिरा तो एका हातानं उचलायला जातो. मग दोन्ही हातांनी. मग गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे. मग इकडंतिकडं बघून हेडमास्तरांना हाक मारतो.

माल कालवला जातो, दोरी लागते, ओळंबा सुटतो आणि भिंत वर येऊ लागते. भिंतीचं मूळ तत्त्व एकच: सांधेमोड. खालच्या थरातला सांधा वरच्या चिऱ्याच्या पोटाखाली यायला हवा. मेस्त्रींनी हे हातवारे करून सांगितलं, मी इंग्रजीत सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चौथ्या थराला पाहिलं तर एका टोकाला चारही सांधे भांगासारखे एका रेषेत. बांधणाऱ्या मुलीला ती रेषा फार सुंदर वाटली होती. मेस्त्रींनी ती पाहिली, चुन्याची डबी काढली, तंबाखू मळला आणि म्हणाले, "लई बेस." मी भाषांतर केलं. मुलगी लाजली.

"मेस्त्री, रात्री पाडून परत बांधणार का?" मी हळूच विचारलं. मला वाटलं, असंच करत असतील.

"कशाला? ही तेंचीच भिंत हाय."

मग उलगडा झाला. वसतिगृह, स्वयंपाकघर, विहिरीचा कठडा, ज्याच्याखाली किंवा ज्याच्या आधारानं माणूस उभा राहणार अशा कुठल्याही गोष्टीला मेस्त्री पाहुण्यांना हात लावू देत नाहीत. पाहुण्यांसाठी त्यांनी आवाराची भिंत राखून ठेवली आहे. दर हिवाळ्याला तिचा एक तुकडा पुढं सरकतो. एका संध्याकाळी मला बरोबर घेऊन ते त्या भिंतीच्या कडेनं चालले आणि झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं वाचावीत तशी भिंत वाचत गेले. हा तुकडा कॅनडावाल्यांचा, माणसं थंड डोक्याची, दर्जा बघा कशा भरल्यात. हा कोरियावाल्यांचा, जेवायला उठायचे नाहीत, म्हणून उंची जास्त. इथं बाईमाणूस जास्त होतं, सफाई हाय. आणि हा पोट सुटलेला? "त्या साली इंजिनेर होता." ज्या वर्षी टोळीत इंजिनिअर असतो त्या वर्षी भिंत हमखास वाकडी येते, असा मेस्त्रींचा अनुभव आहे. बाकीचे दोरी बघून बांधतात. इंजिनिअर दोरीशी वाद घालतो.

एका बाबतीत मात्र पाहुणे आणि मेस्त्री सख्खे भाऊ निघाले. आपल्याकडं मीटर-सेंटिमीटर येऊन साठाच्या वर वर्षं झाली, पण गवंडी आणि सुतार अजून फूट, इंच आणि सुतातच बोलतात. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. अमेरिकेतल्या माणसाच्या फितीवरही फूट, इंच आणि इंचाचे आठवे भाग. पहिल्यांदा मेस्त्री म्हणाले, "तीन फूट दोन इंच एक सूत," आणि मी तोंड उघडायच्या आत मक्याच्या शेतकऱ्यानं फितीवर तिथंच बोट ठेवलं. दोघांनी एकमेकांकडं असं पाहिलं की जत्रेत हरवलेले भाऊ भेटावेत. त्या दिवसापासून शेतकरी सगळ्याच गोष्टी सुतात मोजू लागला. चहात साखर किती, तर दोन सूत.

बौद्धिक कुतूहल हा पंधरवडी गवंड्याचा आणखी एक गुण. तो प्रत्येक गोष्टीचा फोटो घेतो आणि प्रत्येक फोटोखाली 'अस्सल भारतीय' असं लिहितो. त्यात मुडलीचे आणि कणगीचे कंद येतात. ते खरेच इथले. जोयड्याच्या कुणब्यांनी कितीतरी जातींचे कंद जपले आहेत आणि त्यांचा मेळाही भरतो. उकडलेला कंद तो मिठाला लावून खातो, बरोबर आणलेलं शेंगदाण्याचं लोणी त्यावर फासतो आणि डोळे मिटतो. पण त्याला सगळ्यात भुरळ पडते ती छपरावरच्या लाल कौलांची. दंतवैद्यानं कौलांचे चाळीसेक फोटो काढले आणि भारतीय प्राचीन कारागिरीबद्दल मला पंधरा मिनिटं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि मग कौल उलटं करून त्याला जुना छाप दाखवला: बासल मिशन, मंगळूर. स्वित्झर्लंडातलं मिशन, त्याचा जर्मन कारागीर-पाद्री गेऑर्ग प्लेब्स्ट, आणि १८६५ साली नेत्रावतीच्या काठी जेप्पूला निघालेला कारखाना. कोकणापासून मलबारपर्यंत ज्याला आपण 'आपलं' कौल म्हणतो ते असं मिशनवाल्यांच्या भट्टीतून निघालेलं आहे. दंतवैद्य गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्याच लोकांनी बांधलं?" मी म्हटलं, तुमच्या लोकांनी माती मळली, पण पंधरा दिवसांत परत गेले नाहीत.

हे मी जरा लागेल असंच बोललो. दुभाष्यानं असं बोलू नये. पण दुभाषी होण्याआधी मीही कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात होतो, त्यामुळं या जातीच्या माणसावर हसायचा मला थोडा हक्क आहे. सात दिवसांचं शिबिर. पहिल्या दिवशी उद्घाटन, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही शोषखड्डा खणला, चौथ्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं आणि पाचव्या दिवशी त्यात पाटलांची म्हैस पडली. म्हैस काढण्याचं श्रमदान गावानं केलं. अहवालात आम्ही ते आमच्या खात्यात दाखवलं.

जेवणानंतर कधी मेस्त्री विचारायचे, "सर, हे खूळ काढलं तरी कुणी?" मग मी त्यांना पिएर सेरेसोलची गोष्ट सांगायचो. स्वित्झर्लंडचा इंजिनिअर. (इंजिनिअर म्हटल्याबरोबर मेस्त्रींनी भुवया उडवल्या.) त्याचा बाप एके काळी त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळच्या एका बेचिराख गावात तो काही मित्र घेऊन घरं उभी करायला गेला, आणि टोळीत मुद्दाम जर्मनांनाही घेतलं. ज्यांनी पाडलं त्यांनीच बांधावं. विचार थोर होता. पण काही महिन्यांत गावकऱ्यांना जर्मन नकोसे झाले आणि छावणी गुंडाळावी लागली. मेस्त्री म्हणाले, "भिंत वाकडी बांधली असंल." या टोळ्यांचं नाव पुढं सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. १९३४ साली बिहारात भूकंप झाला तेव्हा सेरेसोल मोजके सोबती घेऊन तिथंही आला आणि मुजफ्फरपूरकडं गावं उभारायला लागला.

"राष्ट्राध्यक्षाचा पोरगा घमेलं उचलायचा?"

"उचलायचा."

मेस्त्री पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा मेंबर उचलत नाही."

त्याच संघटनेची तरुण मंडळी पन्नासच्या दशकात आनंदवनातही येऊन राहिली आणि त्यांनी दवाखान्याचं बांधकाम केलं. परदेशातली गोरी पोरं महारोग्यांच्या शेजारी बसून जेवतात, हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिलं आणि हळूहळू तिकडं पाऊल टाकायला लागले. त्या इमारतीचे सांधे कसे होते, हा मेस्त्रींचा प्रश्न मी टाळला.

एका वर्षी टोळीत सत्तरीचे एक आजोबा होते. ते २००६ साली लोणावळ्याजवळच्या पाटण गावीही येऊन गेले होते, जिमी कार्टरबरोबर. अमेरिकेच्या या माजी अध्यक्षानं हॅबिटॅट संस्थेतर्फे तिथं आठवडाभरात शंभर घरं उभी करायचा घाट घातला होता. देशोदेशींचे स्वयंसेवक आले, ब्रॅड पिटही येऊन गेला. त्या दिवशी काम करणाऱ्यांपेक्षा काम बघणारे जास्त असणार, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. कार्टर मात्र पंधरवडी गवंडी नव्हते. त्यांचा हात खरंच सुताराचा होता, घरी ते स्वतः फर्निचर करत, आणि तेव्हा त्यांचं वय होतं ब्याऐंशी. आईचंही तसंच: लिलियन कार्टर अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअरमधून विक्रोळीला परिचारिका म्हणून आल्या आणि पंधरा दिवसांत न जाता दोन वर्षांच्या आसपास राहिल्या. आजोबा हे सगळं भक्तिभावानं सांगत होते आणि सांगता सांगता त्यांनी चार घमेली माल सुकवला. मेस्त्रींनी तो न बोलता झाडाच्या आळ्यात ओतला. वसतिगृहाच्या आवारातल्या कितीतरी झाडांची आळी आता पक्क्या बांधणीची आहेत.

या जातीतला एक माणूस मात्र पार उलटा निघाला. लॉरी बेकर. इंग्लंडात शिकलेला वास्तुशिल्पी, १९४५ साली कुष्ठरोग मिशनच्या इमारती बघायला आला आणि इथलं बांधकाम बघून त्याला उमगलं की विलायतेत शिकलेलं इथं फारसं चालत नाही. माती, जांभा, बांबू, शेण यांचं शास्त्र त्याला इथल्या गवंड्यांनी शिकवलं. तो परत गेलाच नाही. तिरुवनंतपुरमला २००७ मध्ये वारला तेव्हा भारताचा नागरिक होता. हे ऐकून मेस्त्री म्हणाले, "म्हणजे तेनी आमच्यात मेस्त्री झाला." यापुढची पदवी त्यांच्याकडं नाही.

पहिल्या वर्षी मला फार हिशेब सुचायचे. एकदा मी पायाच्या दगडावर बसून मेस्त्रींना सांगितलं, या एकेका माणसाच्या विमानाच्या भाड्यात इथले दोन गवंडी हंगामभर राबतील; यांनी घरी बसून पैसे पाठवले असते तर भिंत सरळ झाली असती आणि वसतिगृहाला दुसरा मजलाही चढला असता. मला वाटलं, मी फार मोठी गोष्ट सांगितली. मेस्त्रींनी थापी पुसली.

"सर, बेळगावात तुमच्या वळखीचे पैशेवाले लई असतील."

"आहेत की."

"तेनी पाठवले?"

मी थापीकडं बघत राहिलो.

"ह्यो आला म्हणून शिमिट आलं. हितं येऊन पोरांच्या संगट भात खाल्ला, रडला, घरी गेला आणि चर्चात उभं राहून सांगितलं. मग पत्रे आले. घरात बसलेल्या माणसाला जोयडा म्हंजे काय ठावं?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि सरळ भिंतीचं काय सांगताय. सुप्यात आमच्या बाच्या हातची भिंत होती. ओळंब्यात एक सूत फरक नव्हता. आता शंभर फूट पाण्याखाली सरळ उभी हाय."

निरोपाचा दिवस पंधरवडी गवंड्याचा सगळ्यात मोठा दिवस. सकाळी मेस्त्री शेवटच्या तुकड्याच्या कोपऱ्यावर नारळ फोडतात. त्या वेळी पाळकसाहेबांना सिमेंटची रिकामी पोती मोजायला नेमकं आत जावं लागतं. नारळ फुटल्याचा आवाज आला की पोती मोजून होतात आणि ते बाहेर येऊन प्रार्थना घेतात. खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांच्याच हातावर येतो. मग मुलं गाणं म्हणतात. दंतवैद्य रडतो, हेडमास्तर रडतात, विम्याचा एजंट काळा चष्मा लावतो. ज्या पोरानं पंधरा दिवस त्यांच्या मागंमागं हिंडून 'व्हॉट इज युवर नेम' एवढंच विचारलं, त्याला प्रत्येकजण जवळ घेतो. खोटं त्यात काहीच नसतं, आणि हेच माझ्यासारख्या खवचट माणसाला फार अडचणीचं जातं. दोन वर्षं मीही झाडामागं जाऊन नाक शिंकरून आलो.

जाताना तो आपली हत्यारं मेस्त्रींना भेट देतो. दरवर्षी, न चुकता, आणि असं काही करणारा आपण पहिलेच आहोत अशा चेहऱ्यानं. मेस्त्रींच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात नऊ पाणसळी आहेत, पिवळ्या कातड्याच्या हातमोज्यांचे गठ्ठे आहेत, रबरी मुठीचे हातोडे आहेत, आणि फिती तर विचारूच नका. मेस्त्री बांधतात अजून दोरीवर आणि बापाच्या ओळंब्यावर. फक्त मक्याच्या शेतकऱ्याची फीत तेवढी त्यांच्या खिशात असते. तिच्यावर सूत आहे.

तिसऱ्या वर्षी गाड्या घाटाकडं गेल्यावर मी आणि मेस्त्री भिंतीच्या टोकाला उभे होतो. तीन बाजू पुऱ्या झाल्या होत्या. चौथी जंगलाकडची, तिथून संध्याकाळी गवे आवारात येतात आणि मुलांची वाळत घातलेली चादर कधीकधी शिंगावर घेऊन जातात. मी मनात हिशेब केला. दोन टोळ्या, फार तर तीन, की भिंत मिळाली.

"मेस्त्री, मग संपलं की."

मेस्त्रींनी दोरी काढली. शेवटच्या चिऱ्यापाशी खुंटी ठोकली, दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि समोरच्या कोपऱ्याच्या खांबाकडं न जाता सरळ जंगलाच्या दिशेनं चालू लागले. ऐनाचं एक जुनं झाड होतं, त्याच्याही पलीकडं गेले, तिथं दुसरी खुंटी ठोकली आणि परत आले.

"पेरूची बाग आत घेतली," ते म्हणाले.

मी बघितलं. तिकडं पेरूचं एकही झाड नव्हतं.

"लावतो की. जूनमध्ये."